दीर्घायुषी थोरांची चरित्रे कशी शिकवावीत : महर्षी कर्वे यांच्या चरित्रावरील आदर्श पाठ

(इयत्ता चौथी व पाचवी. विषय : इतिहास, गणित व भाषा यांच्याशी समन्वय. कालावधी : चार तासिका)

पाठाचे प्रयोजन

प्राथमिक शाळेत थोर माणसांची चरित्रे शिकविली जातात, तेव्हा जन्माचे साल आरंभी येते आणि मृत्यूचे साल अखेरीस येते. मुले ही दोन्ही साले मुखोद्गत करतात व परीक्षेत बिनचूक लिहितात. परंतु या दोन सालांच्या मध्ये किती काळ गेला, त्या काळात चरित्रनायकाचे वय कोणत्या प्रसंगी किती होते, आणि ज्या कार्यासाठी त्याचे स्मरण केले जाते ते त्याने तरुणपणी केले की म्हातारपणी, याचा विचार वर्गात क्वचितच होतो. परिणामी बालकांच्या मनात सर्व थोर पुरुष एकाच वयाचे, म्हणजे पुस्तकातील चित्रात दिसतात त्या वयाचे, राहतात. पांढऱ्या दाढीचे कर्वे हे जणू पांढरी दाढी घेऊनच जन्मास आले, अशी त्यांची समजूत होते.

ही उणीव भरून काढण्यास दीर्घायुषी व्यक्तींची चरित्रे विशेष उपयोगी पडतात. आयुष्य लांब असल्यामुळे त्याचे टप्पे स्पष्ट दिसतात व मुलांना मोजता येतात. प्रस्तुत पाठासाठी धोंडो केशव कर्वे यांचे चरित्र निवडले आहे. त्यांचा जन्म १८ एप्रिल १८५८ रोजी झाला व ९ नोव्हेंबर १९६२ रोजी त्यांचे देहावसान झाले. एकशेचार वर्षांचे हे आयुष्य शिक्षणाच्या कामात खर्ची पडले. त्यातील एक काम तर थेट खेड्यातील प्राथमिक शाळांचेच होते. यास्तव ग्रामीण शिक्षकास हा पाठ आपलासा वाटेल.

पाठाची उद्दिष्टे तीन आहेत. पहिले, मुलांना वय व काळ यांचे गणित करता यावे. दुसरे, एखादे मोठे कार्य एका दिवसात उभे राहत नाही, त्याला वर्षे लागतात, हे त्यांना उदाहरणाने उमजावे. तिसरे उद्दिष्ट सर्वांत नाजूक आहे : दीर्घायुष्य हे चांगुलपणाचे बक्षीस आहे, असा चुकीचा समज वर्गात रुजू नये. या तिसऱ्या उद्दिष्टाचा विस्तार पुढे केला आहे. पाठ घेण्यापूर्वी शिक्षकाने तो भाग आवर्जून वाचावा.

शिक्षकासाठी माहिती

कर्वे यांचे घराणे दापोली तालुक्यातील मुरूडचे. घरची स्थिती बेताची होती. गावच्या शाळेतील सोमण गुरुजी यांच्या संस्काराने सार्वजनिक कामाची गोडी त्यांना लहानपणीच लागली. गावातील दुर्गादेवीच्या देवळात जमलेल्या मंडळींना वर्तमानपत्र वाचून दाखविण्याचे काम हा विद्यार्थी करीत असे. एका ग्रामीण शिक्षकाने एका मुलाला लावलेली ही सवय पुढे केवढी फळास आली, हे शिक्षकांनी मनाशी ठेवण्याजोगे आहे.

१८७५ साली कर्वे मराठी सहावीच्या सार्वजनिक परीक्षेसाठी साताऱ्यास निघाले. रेल्वे वा मोटार नव्हतीच. पावसाळ्याचे दिवस, कुंभार्ली घाटाची वाट आणि शंभराहून अधिक मैलांचे अंतर. हा सर्व प्रवास त्यांनी पायी केला. परंतु परीक्षेस बसण्यास वयाची सतरा वर्षे पूर्ण असावी लागत. कर्व्यांची ती पूर्ण झाली होती, तरी अंगकाठी लहान असल्यामुळे परीक्षकांना ते खरे वाटले नाही व त्यांना परत पाठविण्यात आले. पुढे कोल्हापूरहून ते ही परीक्षा उत्तीर्ण झाले. इंग्रजी शिक्षणास आरंभच उशिरा झाल्याने मॅट्रिकची परीक्षा ते १८८१ साली, तेविसाव्या वर्षी, उत्तीर्ण झाले व १८८४ साली मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून पदवीधर झाले. गणित हा त्यांचा विषय होता.

१८९१ साली दोन गोष्टी घडल्या. त्यांच्या पत्नी राधाबाई तरुण वयात निवर्तल्या आणि मागे लहान मुलगा राहिला. त्याच वर्षी गोपाळ कृष्ण गोखले यांच्या निमंत्रणावरून ते पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक झाले. १८९३ साली त्यांनी पुनर्विवाह केला. त्या काळी विधुर पुरुषाने कुमारिकेशी विवाह करणे ही सर्वमान्य रीत होती. बालपणी विधवा झालेल्या स्त्रीला मात्र ती मुभा नव्हती. कर्व्यांनी विवाह करायचा तर विधवेशीच, असे ठरविले व पंडिता रमाबाईंच्या शारदासदनात शिकत असलेल्या गोदूबाई यांच्याशी विवाह केला. याच पुढे आनंदीबाई, म्हणजे सर्वांच्या 'बाया', झाल्या. या विवाहाबद्दल मुरूडच्या लोकांनी त्यांच्यावर बहिष्कार घातला. स्वतःच्या गावात घरच्यांसह पंक्तीला बसण्याचीही चोरी झाली.

१४ जून १८९६ रोजी त्यांनी अनाथ बालिकाश्रमाची स्थापना केली. स्वतःच्या आयुर्विम्याची पाच हजारांची पॉलिसी त्यांनी या कामास दिली. १९०० साली आश्रम पुण्याबाहेर हिंगणे येथे गेला. तेथील आरंभीची वास्तू म्हणजे एक झोपडी होती. दिवसभर कॉलेजात शिकवून संध्याकाळी चिखलातून, काट्याकुट्यातून पायी हिंगण्यास जावयाचे व सकाळी पुन्हा पुण्यास यावयाचे, असा आरंभीच्या काळातील त्यांचा क्रम होता. आश्रमाच्या कामात आनंदीबाईंच्या भगिनी पार्वतीबाई आठवले यांनीही आयुष्य वेचले. १९०७ साली महिला विद्यालय निघाले. १९१४ साली कर्वे कॉलेजातून निवृत्त झाले.

येथपर्यंतची हकीगत सांगून झाल्यावर शिक्षकाने थांबावे. चरित्रनायक निवृत्त झाला म्हणजे चरित्र संपत आले, असे मुलांना वाटेल. या आयुष्याचा जवळजवळ निम्मा भाग अजून शिल्लक आहे, हे त्यांना पुढील उपक्रमातून आपोआप कळावे.

निवृत्तीनंतर दोन वर्षांनी, १९१६ साली, त्यांनी महिला विद्यापीठ सुरू केले. जपानमधील महिला विद्यापीठाची माहिती देणारी एक पुस्तिका त्यांच्या हाती आली होती. त्यावरून ही कल्पना त्यांनी घेतली. पहिल्या वर्षी विद्यापीठाच्या कॉलेजात अवघ्या पाच विद्यार्थिनी होत्या. शिक्षण मातृभाषेतून द्यावयाचे, हे या विद्यापीठाचे तत्त्व होते. १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लक्ष रुपयांची देणगी देऊ केली व त्यांच्या मातोश्रींचे, श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे, नाव विद्यापीठास मिळाले. १९२९ साली, एकाहत्तराव्या वर्षी, कर्वे जगप्रवासास निघाले. युरोप, अमेरिका, जपान येथील शिक्षणसंस्था त्यांनी पाहिल्या व विद्यापीठासाठी मदत गोळा केली. त्यानंतर १९३० च्या अखेरीस ते आफ्रिकेस गेले व तेथे सुमारे सव्वा वर्ष हिंडले.

१९३६ साली, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, त्यांनी महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ स्थापन केले. त्या काळी प्राथमिक शाळा चालविण्याचे काम जिल्हा लोकल बोर्डांकडे असे. पुष्कळ लहान गावांत बोर्डाची शाळा पोहोचलेली नव्हती. अशा गावांत शाळा उघडाव्या, आणि शिकलेले प्रौढ पुन्हा निरक्षर होऊ नयेत म्हणून वाचनाची सोय करावी, हे मंडळाचे उद्दिष्ट होते. यासाठी या वयात ते पुण्यात दारोदार फिरून लहानसहान वर्गण्या गोळा करीत. १९४४ साली, शहाऐंशीव्या वर्षी, समाजातील उच्चनीच भाव जावा म्हणून त्यांनी समता संघ काढला. १९५० साली आनंदीबाई निवर्तल्या. महिला विद्यापीठास कायद्याची मान्यता मिळाली ती स्वातंत्र्यानंतर. तेव्हा कर्वे नव्वदी ओलांडून गेले होते. १९५५ साली त्यांना पद्मविभूषण व १९५८ साली, शताब्दीच्या वर्षी, भारतरत्न हा किताब देण्यात आला.

पहिली तासिका : आयुष्याची दोरी

साहित्य : सुतळी, रंगीत चिंध्या किंवा कागदाच्या पट्ट्या, खडू. यासाठी काहीही विकत आणावे लागत नाही.

सुमारे साडेदहा वीत लांबीची सुतळी वर्गात आडवी बांधावी. एक वीत म्हणजे दहा वर्षे, असे प्रमाण मुलांना सांगावे. दर वितीवर एक गाठ मारावी. पहिल्या टोकास १८५८ ची व शेवटच्या टोकाजवळ १९६२ ची पट्टी लावावी. मग पुढील तक्ता फळ्यावर लिहावा. त्यात वयाचा रकाना मोकळा ठेवून तो मुलांकडून भरून घ्यावा. येथे उत्तरे दिली आहेत ती शिक्षकाच्या सोयीसाठी.

१८७५ : साताऱ्याची पायी वाट. वय १७.
१८८१ : मॅट्रिकची परीक्षा. वय २३.
१८९१ : प्राध्यापक म्हणून नेमणूक. वय ३३.
१८९६ : अनाथ बालिकाश्रम. वय ३८.
१९०० : हिंगण्याची झोपडी. वय ४२.
१९१६ : महिला विद्यापीठ. वय ५८.
१९२९ : जगप्रवास. वय ७१.
१९३६ : ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ. वय ७८.
१९४४ : समता संघ. वय ८६.
१९५८ : भारतरत्न. वय १००.

प्रत्येक प्रसंगाची पट्टी एकेका मुलाने सुतळीवर योग्य जागी अडकवावी. पट्ट्या लावून झाल्यावर सुतळीच्या मध्यावर, म्हणजे बावन्नाव्या वर्षाच्या ठिकाणी, एक चिंधी बांधावी व विचारावे : "विद्यापीठ या चिंधीच्या अलीकडे आहे की पलीकडे?" मुले स्वतः पाहून सांगतील. शिक्षकाने येथे भाषण करू नये. दोरी पुरेशी बोलते.

दुसरी तासिका : वयाचे गणित

मुले वय काढताना केवळ सालांची वजाबाकी करतात. ती नेहमी बरोबर येत नाही, हे दोन उदाहरणांनी दाखवावे.

उदाहरण पहिले. कर्वे यांचा जन्म १८ एप्रिल १८५८. मृत्यू ९ नोव्हेंबर १९६२. सालांची वजाबाकी १०४. मृत्यूच्या वर्षी वाढदिवस एप्रिलमध्ये होऊन गेला होता. म्हणून १०४ वर्षे पूर्ण झाली आणि वर ६ महिने २२ दिवस.

उदाहरण दुसरे. दादाभाई नौरोजी यांचा जन्म ४ सप्टेंबर १८२५. मृत्यू ३० जून १९१७. सालांची वजाबाकी ९२. परंतु मृत्यूच्या वर्षीचा वाढदिवस यावयाचा होता. म्हणून पूर्ण वर्षे ९१ च.

दादाभाईदेखील कर्व्यांप्रमाणेच एल्फिन्स्टन कॉलेजात शिकले, पुढे तेथेच गणिताचे प्राध्यापक झाले आणि १९०६ साली, एक्याऐंशीव्या वर्षी, कलकत्ता येथील राष्ट्रसभेच्या अधिवेशनाचे अध्यक्ष होते, एवढी माहिती जाता जाता द्यावी. सरावासाठी पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर यांचे उदाहरण घालावे. त्यांचा जन्म १९ सप्टेंबर १८६७ चा व मृत्यू ३१ जुलै १९६८ चा. वजाबाकी १०१ येते. पूर्ण वर्षे १०० भरतात. सावंतवाडीकडील कोलगावचा हा चित्रकार पुढे औंध संस्थानात वेदांच्या अभ्यासात रमला व १९४८ साली, ऐंशी वर्षे पूर्ण झाल्यावर, औंध सोडून गुजरातेतील पारडी येथे त्याने आपले काम नव्याने मांडले.

पाचवीच्या मुलांना याच तासिकेत सरासरीची कल्पना द्यावी. १९४१ ते १९५१ या दशकात भारतातील सरासरी आयुर्मान सुमारे ३२ वर्षे होते, असे जनगणनेवरून काढण्यात आले. हे ऐकून मुले म्हणतील की त्या काळी माणसे बत्तिसाव्या वर्षी मरत असत. तसे नव्हते. फळ्यावर पाच काल्पनिक माणसांची मृत्यूसमयीची वये लिहावीत : १, २, ३०, ६२, ७०. यांची बेरीज १६५. पाचाने भागता ३३. या पाचांतील एकही जण तेहेतिसाव्या वर्षी गेलेला नाही. सरासरी खाली ओढली ती दोन तान्ह्या मुलांच्या मृत्यूंनी. पुढील काळात देशातील सरासरी सत्तरीच्या आसपास पोहोचली, त्याचे एक मोठे कारण म्हणजे बालमृत्यू कमी झाले. देवीची लस, स्वच्छ पाणी, हिवतापाचा बंदोबस्त, बाळंतिणीची काळजी यांचा त्यात वाटा आहे. पूर्वीची माणसे शंभर वर्षे सहज जगत, ही गावातील समजूतही या गणिताने तपासून पाहता येते. शंभरी गाठणारा माणूस तेव्हाही विरळा होता.

तिसरी तासिका : तुलना

हा भाग शिक्षकाने शांतपणे व सावकाश घ्यावा. पाठाचे मर्म येथे आहे.

गोपाळ गणेश आगरकर यांचा जन्म १४ जुलै १८५६ चा. म्हणजे ते कर्व्यांहून सुमारे दोन वर्षांनी वडील. 'सुधारक' पत्रातून स्त्रीशिक्षणाचा व सामाजिक सुधारणेचा पुरस्कार त्यांनी केला, फर्ग्युसन कॉलेजचे ते प्राचार्य झाले, आणि १७ जून १८९५ रोजी, वयाची ३८ वर्षे पूर्ण असताना, ते निवर्तले. कर्व्यांना प्राध्यापकीसाठी बोलावणारे गोखले त्यांच्याहून आठ वर्षांनी लहान. ते १९ फेब्रुवारी १९१५ रोजी, अठ्ठेचाळिसाव्या वर्षांनंतरचा वाढदिवस येण्यापूर्वीच, गेले.

आता पुन्हा दोरीकडे वळावे. अडतीस वर्षांच्या खुणेवर बोट ठेवून विचारावे : "कर्वे आगरकरांएवढेच जगते, तर या दोरीवर कोणत्या पट्ट्या राहत्या?" मुलांना दिसेल की अनाथ बालिकाश्रमाची पट्टी जेमतेम लागते, हिंगणे नाही, विद्यापीठ नाही, खेड्यातील शाळा नाहीत. मग अठ्ठेचाळिसावर बोट न्यावे. तेथेही महिला विद्यालय यावयाचेच असते.

यावरून मुले दोन निष्कर्ष काढण्याचा संभव आहे. पहिला असा की, कर्वे आगरकरांहून श्रेष्ठ होते, कारण ते अधिक जगले. दुसरा असा की, चांगले वागणाऱ्यास देव अधिक आयुष्य देतो. दोन्ही निष्कर्ष चुकीचे आहेत व दोन्ही तेथल्या तेथे दूर केले पाहिजेत.

पहिल्याचे उत्तर असे. कर्व्यांनी १८९३ साली विधवेशी विवाह केला तेव्हा आगरकर हयात होते आणि अशा विवाहाची बाजू ते लेखणीने मांडीत आले होते. शब्दांनी वाट मोकळी करणारा एक, त्या वाटेवरून वर्षानुवर्षे चालणारा दुसरा. ज्याला थोडी वर्षे मिळाली त्याचे काम ज्याला अधिक मिळाली त्याने पुढे नेले. आगरकर गेल्यानंतर कर्वे सदुसष्ट वर्षे जगले. ती वर्षे त्यांनी स्वतःपुरती ठेवली नाहीत, यात त्यांचा मोठेपणा आहे. वर्षांची संख्या हा मोठेपणा नव्हे.

दुसऱ्या निष्कर्षाबाबत शिक्षकाने अधिक सावध असावे. प्रत्येक वर्गात एखादे तरी मूल असे असते की ज्याचा बाप किंवा आई अकाली गेली आहे. "नियमित राहिले, निर्व्यसनी राहिले, चांगले वागले म्हणजे माणूस शंभर वर्षे जगतो," असे वाक्य शिक्षकाच्या तोंडून सहज निघून जाते. ते ऐकून मागच्या ओळीत बसलेले ते मूल काय समजेल? आपला बाप चांगला नव्हता, असेच ते समजेल. ते विचारणार नाही, रडणारही नाही. ते वाक्य घेऊन घरी जाईल. कर्व्यांच्याच चरित्रात राधाबाई तरुणपणी गेल्या. त्यांच्या हातून काही अपराध घडला होता म्हणून त्या गेल्या नाहीत. आरोग्याचे नियम पाळावेत, कारण त्यांनी रोग टळतात व अंगात बळ राहते. हे आरोग्याच्या तासाला खुशाल सांगावे. परंतु चरित्राच्या तासाला आयुष्याची लांबी आणि माणसाची योग्यता यांची गाठ घालू नये.

याच कारणासाठी 'विधवा' या शब्दाचा उपयोगही जपून करावा. ज्याची आई विधवा आहे असे मूल समोर असते. त्या काळी समाजाने अशा स्त्रियांवर अन्याय केला व काही माणसांनी तो दूर करण्यासाठी बहिष्कार सोसला, असे सरळ सांगावे. दयेचा सूर नसावा.

चौथी तासिका : भाषा व गावातील वृद्धांची भेट

पुढील उतारा फळ्यावर लिहून मुलांकडून मोठ्याने वाचून घ्यावा.

वाचनपाठ

एक मुलगा होता. त्याचे नाव धोंडू. त्याचे गाव मुरूड. एकदा तो परीक्षेसाठी साताऱ्यास निघाला. वाट लांब होती. पाऊस पडत होता. घाट चढून, नद्या ओलांडून तो साताऱ्यास पोहोचला. परीक्षक म्हणाले, "तू लहान दिसतोस. तुला बसता येणार नाही." धोंडू परत फिरला. पण त्याने अभ्यास सोडला नाही. तो पुढे प्राध्यापक झाला. ज्या मुलींना कोणी शिकवीत नसे, त्यांच्यासाठी त्याने शाळा काढली. शाळा एका झोपडीत होती. मग त्याने विद्यापीठ काढले. त्यात पहिल्या वर्षी पाचच मुली होत्या. तो म्हातारा झाला. केस पांढरे झाले. तरी तो घरोघर जाऊन वर्गणी मागे. ती वर्गणी खेड्यातल्या शाळांसाठी असे. तो एकशेचार वर्षे जगला. परीक्षकांना लहान वाटलेला तो मुलगा साऱ्या देशाला वडील वाटू लागला.

वाचनानंतर गावातील एक वृद्ध गृहस्थ व एक वृद्ध बाई यांना शाळेत सन्मानाने बोलवावे. दोघांपैकी एकीचे येणे अत्यंत आवश्यक आहे. केवळ पुरुषांना बोलाविल्यास गावाचा अर्धाच इतिहास मुलांच्या कानी पडतो. शक्य तर मुलांनीच निमंत्रण लिहून नेऊन द्यावे. ज्यांना चालवत नाही त्यांच्या घरी चार-पाच मुलांनी जावे.

पुष्कळ वृद्धांना आपले जन्मसाल ठाऊक नसते. अशा वेळी वय कसे काढावे हेही एक शिक्षण आहे. मोठ्या घटनांच्या खुणा धरून विचारावे. पानशेतचे धरण फुटून पुण्यास पूर आला तो १२ जुलै १९६१ रोजी. कोयनेचा भूकंप झाला तो ११ डिसेंबर १९६७ रोजी. महाराष्ट्रातील मोठा दुष्काळ १९७२ सालचा. किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ चा. "दुष्काळात खडी फोडायला गेले तेव्हा थोरला लेक पाठीशी होता," असे एखादी आजी सांगेल. तेवढ्यावरून मुलांनी तिचे वय अदमासाने काढावे व वहीत 'अदमासे' हा शब्द न विसरता लिहावा.

मुलांनी विचारावयाचे प्रश्न मोजके असावेत :

१. आजी/आजोबा, तुम्ही शाळेत गेला होता का? किती इयत्ता शिकलात? शाळा का सुटली?
२. तुमच्या लहानपणी गावात शाळा कोठे भरत असे?
३. तुमच्या माहितीत गावातील पहिली शिकलेली मुलगी कोण?
४. तरुणपणी न जमलेले असे कोणते काम तुम्ही पुढे केले?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळाल्यास ते नाव मुलांनी वहीत लिहून ठेवावे. पुष्कळ गावांत हे नाव आजवर कोणी विचारलेलेच नसते. पहिल्या प्रश्नातील 'शाळा का सुटली' या भागाचे उत्तर शिक्षकाने विशेष लक्ष देऊन ऐकावे. धाकट्या भावंडांना सांभाळणे, पाणी भरणे, लवकर झालेले लग्न, शाळेचे अंतर, अशी कारणे पुढे येतील. त्यांपैकी कोणते कारण आपल्याच पटावरील एखाद्या मुलीच्या गैरहजेरीमागे अजून उभे आहे, हे शिक्षकाला त्याच क्षणी कळून येईल. त्या मुलीच्या घरी त्याच आठवड्यात जावे. या पाठाचे खरे फळ तेच होय.

सर्वसाधारण सूचना

१. कर्व्यांना मिळालेल्या किताबांवर अधिक वेळ घालवू नये. भारतरत्न त्यांना शंभराव्या वर्षी मिळाले, पाच विद्यार्थिनींचे कॉलेज त्यांनी अठ्ठावन्नाव्या वर्षी काढले. मधल्या बेचाळीस वर्षांना महत्त्व द्यावे.

२. कर्व्यांच्या कामात अनेकांचा हात होता. आनंदीबाई, पार्वतीबाई आठवले, देणगीदार, आश्रमातील शिक्षिका यांची नावे व कामे यथावकाश सांगावीत. एकट्याने सर्व केले असे चित्र उभे राहू नये.

३. चरित्राचा मेळ स्थानिक गोष्टींशी घालावा. पुण्याच्या आसपासच्या शाळांनी खडकवासल्याच्या धरणाची माहिती देताना मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांचे नाव घ्यावे. पुण्यात अभियांत्रिकी शिकलेल्या या अभियंत्याने तेथे पाण्याच्या पातळीबरोबर आपोआप उघडणारे दरवाजे बसविले. त्यांनीही शंभर वर्षे पूर्ण केली. त्यांना भारतरत्न १९५५ साली मिळाले आणि कर्व्यांप्रमाणेच तेही १९६२ साली निवर्तले.

४. एकशिक्षकी शाळेत चारही तासिका स्वतंत्रपणे घेणे शक्य नसल्यास पहिली व तिसरी अवश्य घ्यावी. दुसरी गणिताच्या वेळेत सामावून घ्यावी. वृद्धांची भेट शनिवारी ठेवावी.

मूल्यमापनाचे प्रश्न

१. कर्वे यांना साताऱ्यास परीक्षेला का बसू दिले नाही?
२. ते अठ्ठ्याहत्तर वर्षांचे असताना त्यांनी कोणते काम सुरू केले? त्याची गरज का होती?
३. दादाभाई नौरोजी यांच्या आयुष्याची पूर्ण वर्षे किती? ती सालांच्या वजाबाकीपेक्षा कमी का?
४. आगरकर व कर्वे यांच्या कामाचा परस्परांशी संबंध चार वाक्यांत सांगा.
५. आपल्या गावातील एका वृद्ध स्त्रीच्या आयुष्याची दोरी वहीत काढून तिच्यावर पाच खुणा करा.

पाचव्या प्रश्नाचे उत्तर तपासताना सालांतील लहानसहान चुकांसाठी गुण कापू नयेत. मुलाने त्या बाईजवळ बसून ऐकले आहे किंवा नाही, हे त्या पाच खुणांवरून शिक्षकाला नेमके समजते.